आजोळच्या कार्डातलं नाव

महानंदाला बेंगळुरात पोळ्यांनी जगवलं. मारतहळ्ळीच्या त्या मोठ्या गेटच्या सोसायटीत पुण्यामुंबईहून आलेली आयटीतली बिऱ्हाडं पुष्कळ, आणि त्या सगळ्यांचं दुःख एकच. इथं सगळं मिळतं हो, पण मऊ पोळी लाटणारी बाई मिळत नाही. महानंदा सापडली तेव्हा शलाकामॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर लॉटरी लागल्यासारखं कळवलं, 'मराठी बाई मिळालीय, घडीची पोळी येते.' आठ दिवसांत तिच्याकडं सात घरं झाली. बाई कसली, सत्तावीस वर्षांची पोरगी. पण तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही तिला मावशी म्हणायची. ती चपाती म्हणायची, शलाकामॅडम दुरुस्त करायच्या, "पोळी म्हण गं, पोळी." महानंदा मान हलवायची आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा चपातीच लाटायची.

तिचं सासर अथणी तालुक्यातलं, माहेर जत तालुक्यातलं. दोन गावांच्या मधी एक ओढा, तोही वर्षातले दहा महिने कोरडा. अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. सीमेचा वाद पेपरात पेटतो. तिथली माणसं सकाळी या बाजूला दूध घालतात आणि संध्याकाळी त्या बाजूला भजनाला जातात. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडण लागलं की दोन्ही. पोरी या राज्यातून त्या राज्यात दिल्या जातात आणि कुणाला त्यात राज्य आठवत नाही, अंतर तेवढं आठवतं. महानंदाचं लग्न झालं, नवरा महांतेश बेंगळुरात पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, तीही इकडं आली. सोसायटीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे, तिथं त्यांनी एक खोली घेतली.

पहिलं बाळंतपण माहेरी. हा कुठं लिहिलेला कायदा नाही, पण मोडून बघा, पोरीच्या बापाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. महानंदाचा बाप यल्लाप्पा दहा-बारा शेरडांचा धनी. सातव्या महिन्यात तो स्वतः बसनं येऊन लेकीला घेऊन गेला. भव्या तिकडं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाली. दीड वर्षाची होईतो आजोळीच वाढली, कारण महानंदा नऊ महिन्यांनी परत पोळ्यांना लागली आणि पत्र्याच्या खोलीत तान्ह्याला बघणार कोण?

त्या दीड वर्षात एक गोष्ट घडली. रेशन दुकानदारानं विचारलं, कार्डात कुणाचं नाव वाढवायचंय का? यल्लाप्पानं क्षणाचाही विचार केला नाही. नातीचं घाला म्हणाला. त्याला तीन मुली, तिघी दिलेल्या, कार्डात म्हातारा-म्हातारीच उरलेली. तिथं तिसरं नाव आलं याचा त्याला इतका आनंद की कार्ड आणून त्यानं भव्याच्या डोळ्यांपुढं धरलं. तिच्या वाट्याचं धान्य मात्र त्यानं कधी खाल्लं नाही. पोरगी बेंगळुरात गेल्यावरही महिन्याच्या महिन्याला पिशवी शिवून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवायचा. नातीचा वाटा म्हणायचा त्याला. आधारकार्डही आजोळच्याच पत्त्यावर निघालं. कुणाला काय ठाऊक, पुढं काय वाढून ठेवलंय.

भव्या तीन वर्षांची झाली तरी अंगाला लागेना. दोन घास खाल्ले की कपाळावर घाम. चार पावलं पळाली की खाली बसायची. पावसाळा-हिवाळा न्यूमोनिया ठरलेला. शेजारणी म्हणाल्या दृष्ट आहे, सासू म्हणाली आईचं दूध तोडलं म्हणून, महांतेश म्हणाला आमच्यात सगळी बारीकच. मग एक दिवस अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरीण आली. तिनं भव्याच्या छातीला नळी लावली ती काढीचना. पुन्हा लावली. मग कागदावर मोठ्या दवाखान्याचं नाव लिहून म्हणाली, उद्याच जा, आठवडा घालवू नका.

मोठ्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. काळजात पडद्याला भोक आहे, मोठं आहे. जादा रक्त फुप्फुसात जातंय. शस्त्रक्रियेनं बुजवता येतं, पोरगी इतर मुलांसारखी धावेल. पण सहा महिन्यांच्या आत. फार दिवस गेले तर फुप्फुसाच्या नळ्या कडक होतात, आणि मग भोक बुजवलं तर पोरच दगावतं. मग आमच्या हातात काही नाही, असं ते कन्नडात म्हणाले, आणि महानंदाला कन्नड चांगलं कळत होतं.

आपल्या पैशानं करायचं म्हटलं तर दोघांनी जन्मभर टँकर आणि पोळ्या ओढूनही झालं नसतं. पण सरकारी योजना होती. रेशनकार्डात मुलाचं नाव असलं की सगळं फुकट. योजनेच्या टेबलावर गिरीराज नावाचा माणूस बसायचा. गिरीराजचं घराणं चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडं आलेलं. मराठी त्यांच्या घरात उरलेली, तीही निम्मी कन्नडात भिजलेली. महानंदा महांतेशशी बोलताना त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"अक्का, तुमी मराठी काय? मग पहिलंच सांगायचं न्हवं?" म्हणत त्यानं तिला खुर्ची दिली. ओळीतली बाकीची माणसं उभी होती.

त्यानं संगणकात बघितलं. बाप अथणीच्या कार्डात, आई अथणीच्या कार्डात, पोरगी महाराष्ट्राच्या. तो म्हणाला, "स्वल्पच काम हाय. तिकडचं नाव काढून घ्या, इकडं घाला, माझ्याकडं या. मी बसलोय न्हवं? भिऊ नका. सरी का, चालतंय न्हवं?"

आता इथंच बघा माणूस कसा फसतो. तेच वाक्य कुणी इंग्रजीत किंवा कन्नडात म्हणालं असतं, तर महानंदानं आणखी दोन ठिकाणी विचारलं असतं. चार वर्षं शहरात काढलेली बाई ती, अशी भोळी नव्हती. पण परक्या गावात कुणी आपल्या बोलीत भिऊ नका म्हणालं, की आपण डोकं बाजूला ठेवतो आणि त्याच्या शब्दावर भरवसा टाकतो. गिरीराज लबाड नव्हता हो. चांगला माणूस होता, मनापासून बोलला, आणि त्याला पुरतं माहीत नव्हतं. लबाडापासून सांभाळता येतं, अशा चांगल्या माणसापासून कसं सांभाळायचं?

दवाखान्याच्या पायरीवरूनच महानंदानं बापाला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "अप्पा, भव्याचं नाव काढा. उद्याच."

यल्लाप्पा म्हणाला, "आगं दम धर की. हितं बी तसली योजना हाय म्हणत्यात. तालुक्याला इच्चारून येतो. नाव हाय तवर हाय, काढल्यावर काय?"

"इच्चारत बसू नका. इथला साहेब आपलाच माणूस हाय, त्यानं सांगितलंय."

"तरी बी, दोन दिस..."

"तुम्हाला नातीच्या वाट्याचं पाच किलो सुटंना व्हय?"

असं बोलली ती. ज्या म्हाताऱ्यानं त्यातला दाणा तोंडात घातला नाही त्याला. दुसऱ्या दिवशी तो शेरडं शेजाऱ्याच्या हवाली करून तालुक्याला गेला आणि अंगठा देऊन नाव काढून आला. सरकारी दारात नाव चढवायला चपला झिजतात. काढायला मात्र त्याला अर्धा दिवस लागला, परत येऊन त्यानं संध्याकाळची धार काढली.

मग महांतेश दाखला घेऊन अथणीला गेला. तिथं कळलं, नवीन नावं घालणं गेल्या पंधरवड्यापासून बंद आहे. वरून हुकूम आहे, कधी सुरू होईल माहीत नाही. शिवाय जन्माचा दाखला मराठीत, तो कन्नडात करून शिक्का मारून आणा. दाखल्यावर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलंय, ते आधी तिकडून दुरुस्त करून आणा. महांतेश तीनदा गेला. तिन्ही वेळा टँकरच्या मालकानं दुसरा ड्रायव्हर बसवला, तिसऱ्या वेळी तो दुसराच कायम झाला. पुढं महांतेश मिळेल त्या गाडीवर मिळेल तेव्हा जाऊ लागला.

महानंदा गिरीराजकडं गेली. तो बिचारा खजील झाला. "मला ठाव न्हवतं अक्का. मागच्या महिन्यापर्यंत घेत होते, देवाशपथ." खुर्ची त्यानं त्याही दिवशी दिली.

मग महाराष्ट्रात. सांगलीकडच्या एका दवाखान्यात हृदयाच्या शस्त्रक्रिया योजनेतून होतात असं यल्लाप्पानंच शोधून काढलं. महानंदा भव्याला घेऊन गेली, बाप स्टँडवर येऊन थांबलेला. टेबलावरच्या बाईनं नंबर घातला, पडदा बघितला, पुन्हा बघितला.

"अहो, हिचं नाव होतं की कार्डात. दोन महिन्यांपूर्वी कमी केलंय. का काढलंत? नाव असतं तर आज फाईल केली असती मी, महिन्याभरात नंबर लागला असता."

महानंदानं कार्ड पुन्हा तिच्यापुढं सरकवलं. परत घालता येईल का, विचारलं. बाई म्हणाली, अर्ज करा, पण मुलगी इथंच राहते असा दाखला लागेल. आणि मुलगी तर बेंगळुरात राहते. अंगणवाडीत, दवाखान्यात, सगळीकडं बेंगळुरूच लिहिलेलं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना अशी गत. शेजारी उभा यल्लाप्पा आपल्या वहाणांकडं बघत होता. मी सांगत नव्हतो का, असं तो म्हणेल म्हणून महानंदा वाट बघत होती. तो म्हणाला, "चल, पोरीला काय तरी खायला घालू. सकाळपासून च्यावर हाय ती."

मधल्या काळात सोसायटीतल्या लोकांनी काही केलंच नाही असं नाही. शलाकामॅडमना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, ऑनलाइन आवाहन करू, लोक देतात, मी व्हिडिओ करते. महानंदानं भव्याला न्हाऊमाखू घालून, दिवाळीचा फ्रॉक चढवून, दोन्ही बाजूंना लाल क्लिपा लावून नेलं. शलाकामॅडमनी पोरीकडं बघितलं आणि अवघडून म्हणाल्या, "अगं, गोड दिसतेय गं... पण जरा साधा फ्रॉक नाहीये का? आणि क्लिपा काढू या. लोकांना ना, बघून वाटलं पाहिजे." भव्या क्लिपा काढू देईना. तिनं रडून गोंधळ घातला, आणि नेमकं तेच चित्रीकरण फार छान झालं असं सगळ्यांचं मत पडलं.

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. काहींनी दिलेही पैसे. मग कुणी तरी विचारलं, मुलगी खरी आजारी आहे याचं प्रमाणपत्र आहे का? आणखी कुणी म्हणालं, आज हिला दिले तर उद्या सगळ्या कामवाल्या येतील. त्यावर वाद, वादात पार्किंगचा जुना विषय, आणि दोन दिवसांत ते सगळं वर सरकून गेलं. जमलं त्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या झाल्या आणि दोन वेळच्या न्यूमोनियाचं औषधपाणी निघालं. त्याच आठवड्यात शलाकामॅडमच्या प्रणीतला शिंका आल्या. सकाळी तीन, दुपारी दोन. बालरोगतज्ज्ञ लगेच फोनच्या पडद्यावर आले, त्याचा घसाही बघितला पडद्यावरूनच. महानंदा ओट्यापाशी पोळी लाटत होती. प्रणीतवर तिचा काडीचा राग नव्हता, गोड पोरगा तो, तिच्या हातची तूप लावलेली पोळी हट्टानं मागणारा. पण त्या दिवशी तिची पोळी फाटली, करपली, आणि शलाकामॅडम म्हणाल्या, "लक्ष कुठंय मावशी?"

सहा महिने झाले, नऊ झाले. भव्या चार वर्षांची झाली. ओठ जरा निळसर दिसतात असं अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. महानंदानं दाखला दुरुस्त करून आणला, कन्नडात करून आणला, शिक्के मारून आणले. अथणीच्या कचेरीत कारकुनापुढं ती रडली नाही, हात जोडले नाहीत, नुसती दिवसभर दारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली. कारकून घरी जाताना म्हणाला, माझ्या हातात असतं तर कधीच दिलं असतं, ताई. ती म्हणाली, मग कुणाच्या हातात आहे ते नाव द्या, त्याच्या दारात बसते. ते नाव मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितल्याला पंधरा महिने झाले तेव्हा नवीन नावं घेणं सुरू झालं आणि पहिल्याच यादीत भव्याचं नाव कार्डात चढलं. गिरीराजनं फाईल पळवली, हे खरं सांगायला हवं. चार दिवसांत मंजुरी आली. त्यानं स्वतः फोन केला, "अक्का, जालं बगा काम." महानंदानं सातही घरांत सुट्टी सांगितली. यल्लाप्पाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, नका येऊ, शेरडं कोण बघणार, आता सगळं फुकट आहे, काळजी नको.

दाखल करून घेतलं. शस्त्रक्रियेच्या आधी मांडीतून नळी घालून एक तपासणी असते, ती झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. तेच डॉक्टर. त्यांनी या वेळी चित्र काढलं नाही.

"फुप्फुसातला दाब फार वाढलाय," ते म्हणाले. "आता बुजवता येणार नाही. बुजवलं तर ती टेबलावरच जाईल. मागच्या वर्षी आणायला हवं होतं."

महांतेश म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षी आणलं होतं की. तुम्हीच बघितलं होतं."

डॉक्टरांनी फाईल मागं उलटली. आपलीच सही बघितली. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, गोळ्या देतो, रोज द्यायच्या, कायमच्या. किती वर्षं? ते सांगता येत नाही. काही मुलं मोठीही होतात. जास्त पळू देऊ नका.

बाहेर गिरीराजला कळलं होतं. तो टेबलामागून उठून आला. त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगताना तो भिंतीकडं बघत होता. योजनेत शस्त्रक्रिया बसते, गोळ्या बसत नाहीत.

"कार्ड हाय ते हाय अक्का," तो म्हणाला. "दुसरा काय आजार निघाला तर चालतंय."

महांतेश औषधाच्या दुकानात चौकशीला गेला. महानंदा ओसरीतल्या बाकावर बसली, भव्या शेजारी, हाताला पट्टी, पाय हलवत. फोन वाजला. यल्लाप्पा.

"आत घेतलं का पोरीला?"

राग कुठं काढायचा असतो माणसानं? कचेरीवर काढता येत नाही, तिला चेहरा नाही. डॉक्टरवर काढता येत नाही, उद्या त्याच्याचकडं यायचंय. गिरीराजनं तर खुर्ची दिली होती. वड्याचं तेल वांग्यावर निघतं, आणि वांगं नेहमी घरातलंच असतं.

"न्हाई घेतलं," महानंदा म्हणाली. "आता घेत न्हाईत. येळ गेली म्हणत्यात. तुम्ही तिचं नाव तुमच्या कार्डात घातलं म्हणून झालं हे सगळं, अप्पा. कुणी सांगितलं होतं घालायला? तुमच्या हौशीपायी माझी पोरगी गेली."

पलीकडून, लांबून एक शेरडू ओरडल्याचं ऐकू आलं. म्हाताऱ्याकडं एक वाक्य होतं. दम धर म्हणालो होतो, तूच काढाय लावलंस. खरं वाक्य होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. ते येईल म्हणून ती फोन कानाला घट्ट धरून बसली. आलं असतं तर बरं झालं असतं, तिला वाटलं, निदान कुणी तरी मला बोललं असतं.

"माझंच चुकलं, माय," यल्लाप्पा म्हणाला. "माझंच चुकलं."

तिच्यानं ते ऐकवेना. फोन ठेवावा तर ठेवताही येईना. तेवढ्यात भव्यानं तो तिच्या हातातून ओढून घेतला. अज्जाचा फोन म्हणजे तिचाच. सकाळपासून तिला एकच भीती होती, पोट कापणार का छाती, आणि आतल्या नर्सनं तिला नुकतंच सांगितलं होतं की बाळा, घाबरू नको, आता काही करणार नाहीत, घरी जायचं.

"अज्जा," ती फोन तोंडाशी धरून मोठ्यानं म्हणाली, "मला कापणार न्हाईत. डॉक्टरांनी सोडलं मला. आमी घरी जाणार."

मग ती धापा टाकत थांबली आणि उत्तराची वाट बघत राहिली. जुना फोन, आवाज बाहेरपर्यंत यायचा.

"व्हय माझ्या माय," म्हातारा म्हणाला. "लई बरं झालं बघ."